ती म्हणाली की ती अडकली होती

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (वाकता येतं तेवढाच. उरलेला मनातून समजून घे.) इकडे आम्ही सगळे ठणठणीत आहोत, म्हणजे पहिला ठण माझ्या कमरेत आणि दुसरा तुझ्या भावजयीच्या दाढेत, पण तक्रार नाही. भावोजींचा गुडघा कसा आहे? अजून जिना खेकड्यासारखा आडवाच चढतात का? त्यांना म्हणावं, लिफ्ट ही वस्तू त्यांच्यासारख्यांसाठीच निघाली आहे आणि तिच्यावर तुमच्या मेहुण्याचं पोट चालतं, तेव्हा एवढा बाणेदारपणा नको. तुझी तब्येत विचारत नाही. तू वॉर्डात फेरी मारलीस की थर्मामीटरचा पारासुद्धा मान खाली घालून उतरतो असं ऐकतो, तुझ्याजवळ यायची आजारपणाची काय टाप! भिंगरीही मजेत आहे. (हे वाक्य पुढे थोडं बदलेल, पण लेक दुसऱ्याच्या घरी शिकायला ठेवलेल्या आईला पत्राच्या सुरुवातीला असंच लिहायचं असतं.)

पत्रास कारण की मी इंग्रजी शिकतो आहे. हसून झालं की पुढे वाच. झालं काय, आमच्या कंपनीने फर्मान काढलं की यापुढे लिफ्ट कुठेही अडकली तरी मेकॅनिकने हेड ऑफिसला फोन करून तक्रार इंग्रजीतूनच सांगायची, कारण तिथे फोनवर बसवलेल्या मुलीला दुसरी भाषा येत नाही. ज्याला जमणार नाही त्याची रवानगी गोदामात, गंजलेल्या साखळ्यांना तेल पाजायला. ताई, मी जन्मभर उंचावर काम केलेला माणूस, मला तळघरात बसवलं तर मी आठवड्यात बुरशी धरीन. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, मी व्याकरणाचे धरले. संध्याकाळच्या वेळेला जागा असलेला एकच क्लास सापडला, आणि तो नेमका तोच, ज्यात तू डॉक्टरकीच्या कोचिंगच्या जोडीला भिंगरीचं नाव घातलं आहेस.

पहिल्या दिवशी भिंगरीने मला जिन्यातच गाठलं. "मामा, घरी आपण मामा-भाची. क्लासमध्ये आपली ओळख नाही," असं बजावून ती पुढे गेली, आणि मी तिच्यामागे चार पायऱ्यांचं अंतर राखून, चोरासारखा. वर्गात सगळी पंधरा-सोळा वर्षांची पोरं. बाक इतके अरुंद की मी बसलो तर माझं पोट टेबलावर आणि वही मांडीवर. पोरं मला काका म्हणू लागली, आणि एकाने तर विचारलं की काका, तुम्ही कितव्यांदा बसताय? बाई मात्र फार चांगल्या आहेत. काडीएवढ्या आहेत पण आवाज असा की खडू आपोआप सरळ चालतो.

आता धडा कोणता निघावा? 'किशोरवयीन मुलांचा ताण'! फळ्यावर शब्दांची ही रांग. स्ट्रेस, ॲंग्झायटी, मूड स्विंग, पीअर प्रेशर, बर्नआउट, ब्रेकडाऊन. शेवटचे दोन वाचून मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! इतक्या परक्या घोळक्यात आपल्या गल्लीतली दोन माणसं भेटावीत तसं झालं. बाईंनी विचारलं, ब्रेकडाऊन कोणाला ठाऊक आहे? मी ताडकन हात वर केला आणि सांगितलं की रोजच असतो, बहुतेक वेळा दरवाज्याच्या फटीत खडा अडकलेला असतो, काढला की सुरू. बर्नआउट म्हणजे मोटरची वायर जळते, तिला नवी गुंडाळी द्यावी लागते, तोवर कोणी बसायचं नाही. वर्ग खो खो हसला. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बरोबर आहे. तोवर कोणी बसायचं नाही." भिंगरीने वळून पाहिलं. म्हणजे ओळख नसताना पाहतात तसं नाही, जरा जास्त.

इथवर ठीक होतं. पण पुढे रिपोर्टेड स्पीच आलं आणि माझं घोडं पेंड खायला लागलं. ताई, तू भाग्यवान, तू फक्त हुकूम सोडतेस. हे प्रकरण म्हणजे दुसऱ्याचं बोलणं तिसऱ्याला सांगायचं. आपण कसं सरळ सांगतो, 'तो म्हणाला, मी उद्या येतो.' संपलं! इंग्रजीत तसं केलं तर पाप लागतं. 'मी'चा 'तो' करायचा, 'आज'चा 'त्या दिवशी' करायचा, 'उद्या'चा 'दुसऱ्या दिवशी', आणि क्रियापदाला धरून एक पायरी मागे ढकलायचं. आहे ते होतं करायचं, आणि होतं ते त्याहून होतं! (आमचा नळवाला मला त्या दिवशी प्रथम समजला. त्याचं सगळं बोलणं मुळातच रिपोर्टेड असतं. 'उद्या येतो' म्हणतो, आणि चौकशी केली की कळतं तो कालच येणार होता.) मी घरी सराव सुरू केला. तुझी भावजय म्हणाली, भाजी संपली आहे. मी वहीत डोकं घालून म्हणालो, तू म्हणालीस की भाजी संपली होती. ती म्हणाली, "म्हणाले नाही, म्हणतेय. उठा!"

मग बाईंनी जोड्या लावून घरचा अभ्यास दिला. जोडीदाराला विचारायचं की तुला कशाचा ताण येतो, आणि तो काय म्हणाला ते रिपोर्टेड स्पीचमध्ये लिहून आणायचं. जोडी लागता लागता उरलो कोण, तर मी आणि भिंगरी. ओळख नसलेली दोन माणसं एकाच रिक्षाने घरी आलो. मी जेवताना विचारलं, कशाचा ताण येतो? म्हणाली, काही नाही. हात धुताना विचारलं. म्हणाली, माहीत नाही. झोपायच्या आधी विचारलं. म्हणाली, ठीक आहे. मी प्रामाणिकपणे लिहिलं की ती म्हणाली की काही नव्हतं, तिला माहीत नव्हतं आणि ठीक होतं. बाईंनी खाली लाल शाईने लिहिलं, 'व्याकरण बरोबर. पुन्हा विचारा.'

आता मुख्य मजा ऐक. क्लास पाचव्या मजल्यावर आहे आणि तिथली लिफ्ट आमच्याच कंपनीची. परवा मला कामावरून यायला उशीर झाला. खाली पोचतो तर वरून आरडाओरडा. लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये बंद, आत दोन माणसं. कोण? एक आमच्या क्लासच्या बाई आणि दुसरी आपली भिंगरी! (घाबरू नकोस. हे पत्र लिहितोय म्हणजे सगळं निभावलं आहे. शिवाय लिफ्ट अशी पडत नसते, दोर तुटला तरी ब्रेक धरतो, हे मी तुला कितीदा सांगितलं आहे.) मी चौथ्यावर धावलो, किल्लीने बाहेरचा दरवाजा वीतभर उघडला आणि पोटावर आडवा झालो. खाली पाहतो तर बाईंचा चष्मा आणि भिंगरीचा भांग. बाकीचा वर्ग माझ्या पाठीशी उभा राहून "काका, ब्रेकडाऊन! काका, ब्रेकडाऊन!" असा गजर करतोय.

लिफ्ट हाताने सरकवायला माणसं दोन लागतात, एकाने वर यंत्राच्या खोलीत चाक फिरवायचं आणि एकाने दाराशी थांबायचं. दुसरा माणूस हेड ऑफिसच पाठवणार. म्हणजे फोन करणं आलं, आणि तेही इंग्रजीतून. तेवढ्यात आतून भिंगरी म्हणाली, "मामा, आम्ही अडकलोय!" (सगळ्या वर्गासमोर मामा म्हणाली. मला अशा वेळीही बरं वाटलं.) मी म्हटलं, शिकलेलं कामाला येऊ दे. तिचं वाक्य घेतलं, 'आम्ही'चा 'त्या' केला, क्रियापदाला एक पायरी मागे ढकललं, घाईत चुकून दोन ढकलल्या गेल्या, आणि फोनमध्ये ठणकावून सांगितलं, "दे सेड दॅट दे हॅड बीन स्टक!" म्हणजे त्या म्हणाल्या की त्या अडकल्या होत्या. पलीकडची मुलगी इतकी खूश झाली! म्हणाली, अरे वा, सुटल्या ना, छान झालं. आणि फोन ठेवला. पुढच्या क्षणी माझ्या मोबाईलवर निरोप आला की आपली तक्रार मिटली आहे, आमची सेवा आपल्याला कितपत आवडली? मी तसाच पोटावर. आतून भिंगरीने विचारलं, "येतायत का?" मी म्हणालो, नाही, त्यांची सेवा आपल्याला आवडली का विचारतायत.

तेव्हा बाईंचा आवाज खालून असा आला की साऱ्या जिन्याने तो ऐकला. "रिपोर्ट नका करू! सरळ बोला!" मी पुन्हा फोन लावला आणि व्याकरण बिकरण गुंडाळून ओरडलो, "लिफ्ट स्टक! टू पीपल इनसाइड! सेंड मॅन! नाऊ!" पलीकडे एका झटक्यात कळलं. आमचा पाना निघाला. (पाना म्हणजे माझा जोडीदार, पाना सोडून सगळं बरोबर आणतो म्हणून हे नाव.) त्याला गावाच्या दुसऱ्या टोकाहून यायचं होतं. बाईंनी आतूनच पोरांना वर पिटाळलं, अमुक पानावरचे सगळे प्रश्न सोडवा म्हणून, आणि जिना एकदम शांत झाला.

ताई, त्या शांततेत मला भिंगरीचा श्वास ऐकू आला. भराभर, वर वर. बाईंनीही ऐकला असावा. त्या अगदी रोजच्या सुरात म्हणाल्या, "वेळ आहे तर तुमचा अभ्यास पुरा करून घेऊ. तू सांग, मामा रिपोर्ट करतील." मी म्हटलं, ही बाई लिफ्टमध्ये अडकूनही अभ्यास तपासणार! पण भिंगरी खरंच बोलायला लागली, इंग्रजीतून, एकेक वाक्य. म्हणाली, मी दमले आहे. मी वरून म्हणालो, ती म्हणाली की ती दमली होती. बरोबर, असं बाई म्हणाल्या. ती म्हणाली, कोचिंगला मार्कांप्रमाणे बाक देतात, मी आता शेवटच्या बाकावर बसते. मी म्हणालो, ती म्हणाली की ती आता शेवटच्या बाकावर बसत होती. बाई म्हणाल्या, 'आता'चं 'तेव्हा' होईल. मी म्हणालो, "पण बाई, ती अजून तिथेच बसते हो." मग ती म्हणाली, मी माझ्या आईला सांगू शकत नाही. हे वाक्य मला मागे ढकलता आलं नाही. बाईंनी दुरुस्तही केलं नाही.

पुढचं ती आपल्या भाषेत बोलली, ते मी सगळे नियम मोडून जसंच्या तसं देतो. "मामा, मला डॉक्टर व्हायला हरकत नाही. पण पंधराव्या वर्षीच व्हायला हवं का? वाचलेलं डोळ्यांसमोरून जातं, आत जातच नाही. मला घरी जायचंय. आईला सांगितलं तर ती आधी माझ्या कपाळाला हात लावेल, मग नाडी बघेल, आणि म्हणेल, काही झालेलं नाही." मी वरून हात खाली सोडला. बोटं पोचली तेवढी तिने धरली. तिथे तसाच आडवा होतो पाना येईपर्यंत, शर्टाला ग्रीस, छातीखाली गार लादी. तुझी भावजय महिनाभर सांगत होती की पोरगी वेणीचं टोक चावते, ताटात अर्धं टाकते, आणि मी म्हणत होतो वय आहे.

पाना आला (पान्याविना, माझा दिला), चाक फिरवलं, लिफ्ट बोटबोट वर आली. भिंगरी बाहेर आली ती माझ्या ग्रीसने माखलेल्या बाहीला नाक पुसतच. बाई वर जाऊन शांतपणे वर्गाला शिकवू लागल्या आणि जाता जाता मला म्हणाल्या की व्याकरणात शून्य, पण निरोप पोचवण्यात पैकीच्या पैकी. इतके मार्क मला शाळेत कधी मिळाले नव्हते. बाकी क्षेम. भावोजींना नमस्कार, गुडघ्याला जप म्हणावं. चुकलंमाकलं पदरात घे.

तुझा आज्ञाधारक (भीतीपोटी),
धाकटा

ता. क. – लिफ्टची कहाणी वाचून तू हसली असशील तर उत्तम, कारण त्यासाठीच ती इतकी लांबवली. खरी विनंती एवढीच की भिंगरीचं कोचिंग बंद कर आणि तिला तिकडे तुझ्याजवळ राहून शिकू दे. मी ठेवून घ्यायला कंटाळलो असं समजू नकोस. तिची खोली रिकामी झाल्यापासून तुझी भावजय दाढदुखीचं निमित्त करून रडते आहे.

आणखी ता. क. – 'रिकामी झाल्यापासून' हे वाचून दचकली असशील. पाकिटावर तिकीट नाही आणि ते दाराच्या फटीतून आत आलं, हेही तुझ्या एव्हाना ध्यानात आलंच असेल. भिंगरी बाहेर तुमच्या जिन्यात बसली आहे, बॅग मांडीवर घेऊन. मी एक मजला खाली उभा आहे. तुझा आवाज कसा येतो ते ऐकून वर यायचं की नाही ते ठरवीन.

शेवटचं – तिच्या कपाळाला हात लाव, नाडी बघ, काय करायचं ते कर, पण आधी तिला जवळ घे. पत्र फार लांबलं आणि पायरी गार आहे. दार उघड.