बगळ्याचा पाय

प्रिय दादा,

हे पत्र ओशिनो तुला वाचून दाखवत असेल. पोरी, मधलं काही गाळू नकोस हं. काकाला शिव्या द्यायच्या त्या शेवटी दे, आधी तुझ्या बापाला सगळं ऐकू दे.

इकडे एदोत चाललंय आपलं. माझा उजवा अंगठा आता वाकत नाही. तीस वर्षं ठशावर कागद पसरून वरून घासणी फिरवली, त्याचं बक्षीस. तुझ्या जागी बसलेल्या नव्या माणसानं परवा लाकडी ठशावर चिमणी कोरली, ती अगदी कोंबडी दिसत होती. तू असतास तर हातोडीच घातली असतीस त्याच्या टाळक्यात.

आई गेल्यावर तूच मला बोट धरून कारखान्यात आणलंस. "कोरणं तुझ्याच्यानं व्हायचं नाही तोमे, तू छपाईला बस, घास," म्हणालास. पुढे चारचौघांत मला घाशाच म्हणायचास. सगळे हसायचे, मीही हसायचो. पण दादा, ते मला फार डाचायचं. चित्राखाली चित्रकाराचं नाव, मालकाचं नाव, एकदा तर तुझंही आलं. माझं कधीच नाही.

मग तो बगळा आला. कमळांच्या देठांत एका पायावर उभा असलेला. पांढऱ्या पिसांना रंग नसतोच, ओलसर कागद नुसता दाबून ती उठवायची. म्हणून तुझा ठसा हातात आला तसा मी रंग न लावता कोपरानं एक कागद दाबून पाहिला. काय सांगू! पीस न् पीस उठलं होतं. फक्त पंज्यापाशी लाकडाचं एक कुसळ राहिलं होतं, तिळाएवढं. ठसा तुला परत द्यायचा, एवढंच माझं काम होतं. पण मनात आलं, घाशालाही कोरता येतं, दाखवूच एकदा. तू जेवायला गेला होतास. तुझी कोरणी उचलली, आणि एका झटक्यात पाय गुडघ्यापासून खाली तुटला.

हो दादा. तो मी तोडला.

मालक ठसा बघून तुझ्यासमोरच म्हणाले, "मागोहाचीचे डोळे गेले." मी तिथंच उभा होतो, तोंडातून शब्द काढला नाही. तू त्या तुटलेल्या जागेवरून बोट फिरवलंस आणि म्हणालास, "गेलेच असतील." त्यांनी ठशावर रंधा मारून तुझं सगळं कोरीव काम सपाट केलं. तू कोरण्या माझ्या हवाली करून गावी निघून गेलास. तुझे डोळे खरोखर गेले ते त्यानंतर चार वर्षांनी. ती चार वर्षं तुझी होती, मी खाल्ली.

ओशिनोनं कळवलंय की तू जेवत नाहीस, वैद्यानं हात टेकलेत. दिवसभर चटईवर नखानं एकच रेघ ओढतोस, वरून खाली, आणि मध्येच थांबतोस. कसली रेघ ते तिला कळत नाही. मला कळली. म्हणून लिहितोय. रंगाशिवाय दाबलेला तो कागद मी नऊ वर्षं लपवून ठेवला होता, तो सोबत पाठवतोय. माफी कुठल्या तोंडानं मागू? ओशिनो, त्याचं बोट बगळ्याच्या पोटाखाली ठेव. दादा, आता हळूहळू खाली ये. गुडघ्यापाशी थांबू नकोस, पंज्यापर्यंत जा. पाय शाबूत आहे.

तुझाच घाशा,
तोमेकिची