दर नोंदीला थांबणारा सर्व्हर

सोलापूर
दि. ११ डिसेंबर २०२४

चि. सुमित,
सप्रेम जय भीम.

इकडं सगळं ठीक. तुझी आई आपल्या धम्मप्रियाच्या बाळंतपणाला अकलूजला जाऊन सव्वा महिना झाला. बाळ-बाळंतीण खुशाल आहेत. फोन न करता पत्र का लिहितोय, ते पुढं येईल. मोबाइलवर एवढं लिहायला माझं बोट वळत नाही, आणि हे ऑफिसातल्या महेश्वरीकडून लिहून घेण्यासारखं नाही.

आधी हिशेब. कारखान्याच्या जुन्या सर्व्हरवरच्या नोंदी नव्या प्रोग्रॅममध्ये भरायला काय लागलं? नऊ दिवस, सतीशच्या तीन खेपा, कँटीनचे एकोणीस चहा आणि महेश्वरीचा माहेरी जायचा एक रविवार. एवढं करून निम्म्या नोंदीसुद्धा गेल्या नव्हत्या. एकूण एकतीस लाख. बावीस वर्षांत कुठल्या मागावर कुठला टॉवेल, कुठली किनार, कुणी विणली, सगळं त्यात.

सतीश म्हणजे नवा प्रोग्रॅम बसवणारा, टेंभुर्णीचा. तिसऱ्या खेपेला म्हणाला, "अण्णा, लई जुना झालाय. बदला आता."

मी म्हटलं, "नीट सांग. सर्व्हर का मालक?"

"दोगं बी की," म्हणाला.

तो गेल्यावर मी खुर्ची ओढून सर्व्हरजवळ बसलो. मी माग दुरुस्त करणारा जॉबर होतो तेव्हा चाळीस माग चालू असताना कुठल्या मागाचा नट ढिला झालाय ते दारातून सांगायचो, हे तू लहानपणापासून ऐकलंयस. कान अजून तेच आहेत. तासाभरात बिघाड सापडला. डिस्क सलग पळतच नव्हती. एक ठोका, थांब. एक ठोका, थांब. मागानं एक धागा टाकायचा आणि मालकाकडं येऊन विचारायचं, टाकला, बघता का, पुढचा टाकू? असं कापड कधी निघायचं?

महेश्वरीला म्हटलं, नोंदी भरायचा जो प्रोग्रॅम सुमितनं लिहून ठेवलाय तो उघड. तिनं उघडला. वाचून त्यातली तुझी ओळ कागदावर उतरवून माझ्यापुढं सरकवली. "अण्णांचा हुकूम. प्रत्येक नोंद दोन्ही डिस्कवर पक्की झाल्याशिवाय पुढची घेऊ नये."

कागद अजून माझ्या खिशात आहे.

हुकूम माझाच. तू हजार-हजार नोंदी एकदम भरायचास, एकदा मध्येच वीज गेली आणि दिवसाचं काम पुसलं गेलं. सगळं खातं बघत असताना मी म्हणालो, "ह्याच्या हातात एक दिवस टिकत नाही, कारखाना काय टिकणार." नोंदी कागदावर होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणाआधी महेश्वरीनं त्या परत भरल्या, हे तुला मी कधी सांगितलं नाही.

त्यानंतर तू सगळं मला विचारून करायला लागलास. सुताचा रंग, गाडी कधी सोडू, जेवायला जाऊ का. मला ते बरं वाटायचं. आईला सांगायचो, पोराला शिस्त आली. चार महिन्यांनी हैदराबादला निघालास, ते मात्र विचारलं नाहीस.

काल तो हुकूम काढला. पाच हजारांचा एक गठ्ठा केला. महेश्वरी म्हणाली, "अण्णा, वीज गेली तर?" म्हटलं, गेली तर तेवढा गठ्ठा परत भरू. राहिलेल्या सगळ्या नोंदी पाऊण तासात गेल्या. मग करायला काही उरलं नाही. घरी आलो, दोन भाकरी थापल्या. एक तशीच आहे.

आता सहा तारखेचं. तुझा फोन आला, मी उचलला आणि न बोलता ठेवला. दोन वर्षांत पहिल्यांदा तू माझ्या नंबरवर केलास. म्हातारा अजून फुगलाय, असं तुला वाटलं असणार. तसं नाही.

डिस्कचा तो ठोका मी ऐकला नव्हता. सर्व्हरच्या डब्यावर तळहात ठेवला, तेव्हा कळला. डावा कान तू गेलास त्या वर्षीच गेला, उजवाही यंदा जातोय. समोरच्याचे ओठ वाचून माझं निभतं, मागाच्या खात्यात जन्म काढलेल्या माणसाला ते जमतं. घरचा फोन तुझी आई उचलायची, म्हणून तिलाही कळलं नाही. ती अकलूजला गेली आणि मी उघडा पडलो.

तू समोर बसून बोललास तर मला सगळं कळेल. विचारून यायची गरज नाही.

सहा तारखेला तुझं नाव बघूनच मी फोन उचलला होता. तू काय म्हणालास, त्यातलं एक अक्षर मला ऐकू आलं नाही.

तुझा,
अण्णा