सोमीताईची हजेरी

भरतदादा,

काल पनवेलच्या प्रशिक्षण केंद्रात नाव नोंदवायला गेले होते. मशीनपुढे चेहरा धरला तर पडद्यावर सोमीताईचं नाव आलं. आमी दोघी सारख्याच दिसायचो ना. तिथला माणूस म्हणाला, "तुम्ही द्रोणागिरीच्या शिवण वर्गात आहात की. रोज हजर."

ताईला खाडीनं नेऊन दोन वर्षं झाली. हजेरीचा फोटो कालच्याच सकाळचा होता. केस ओले होते.

मी द्रोणागिरीला चाललेय. दहाला वर्ग उघडतो, मी दाराशी बसते. आईला काय सांगू नको. भात झाकून ठेवलाय.

ताईचा हार घातलेला फोटो काढून पेटीत ठेवलाय. परत लावू नको. ती घरी आलीच, तर तिला कळायला नको.

किशोरी