पितरांच्या फळीवरचा टोफू

तोकुशिमा, जुलै

चि. तात्सुहिको यास,

अनेक आशीर्वाद. आम्ही उभयता येथे उकाड्यासह कुशल आहोत. तुमच्या सप्पोरोत रात्री अजून पांघरूण लागते असे तुझी ताई सांगते. तुझा यथाविधी हेवा करून मुद्द्यावर येतो.

मुद्दा गंभीर आहे. नववर्षाला तू आमच्या मंदिराच्या कॉम्प्युटरवर लिनक्स बसवलेस आणि जाताना त्याच्या पाठीवर लिनक्सची खूण म्हणून पेंग्विनचे चित्र चिकटवलेस. ओनोदेरा आजी रोज दर्शनाला येतात आणि त्याच्यापुढे तांदळाचा लाडू ठेवतात. (आमच्या शिंगोन बौद्ध पंथात देवता आधीच अगणित, एक पक्षी वाढला म्हणून बिघडले नाही. पण लाडवाला मुंग्या लागतात आणि त्या कीबोर्डात वस्ती करतात.) ही तक्रार नोंदवून घ्यावी.

आता पुढचे. पितरांचा ओबोन सण तोंडावर आला. पितरांच्या नावाच्या लाकडी फळ्या तयार करायच्या, आणि त्यांच्या माथ्यावर भारतातून आलेल्या जुन्या सिद्धम् लिपीतली पाच बीजाक्षरे हवीतच. त्यांच्यावाचून ती फळी कुंपणाला ठोकण्याच्या लायकीची. म्हणून फळ्या छापणारा प्रोग्रॅम नागोयाहून मागवला, तर तो म्हणतो, मी या लिनक्सचा नव्हेच. लिनक्स एक, एवढे तू सांगितले होतेस. त्याला वेदासारख्या शाखा असून एका शाखेचे पॅकेज, म्हणजे प्रोग्रॅमचे बांधलेले गाठोडे, दुसरीत चालत नाही, हे सांगायचे तेवढे विसरलास. शेजारच्या झेन मठातल्या गेनशोबुवांचा कॉम्प्युटर नेमका त्या दुसऱ्या शाखेचा. ते मदतीला आले. म्हणाले, "तुमच्याकडे अवडंबरच फार. आम्ही आपले भिंतीकडे तोंड करून बसतो, झालं." आणि मग अख्खी दुपार पडद्याकडे तोंड करून बसले. त्यांनी पॅकेजचे रूपांतर केले (दीक्षा देऊन शाखा बदलली म्हण). पॅकेज आत शिरले खरे, पण अक्षरे रेखाटणारे एक सहायक पॅकेज जुन्या आवृत्तीचेच हवे म्हणून अडून बसले. आमच्याकडे नवे आहे, आणि नव्याशी याचे पटत नाही. बुवांनी दटावून दोघांना एकत्र नांदवले. फळी छापून आली. नावे सुरेख, बीजाक्षरांच्या जागी पाच रिकामे चौकोन.

"अक्षर सापडलं नाही की कॉम्प्युटर असा चौकोन काढतो. याला टोफू म्हणतात," बुवा शांतपणे म्हणाले.

ओनोदेरा आजींनी मला हात जोडले. "शून्यता! किती सोपं करून लिहिलंत हो, महाराज!"

तुझी ताई म्हणाली, "अहो, पितरांना टोफूच वाढायचा तर फळी कशाला, वाडगा आणते की. नाहीतर सरळ कुंचला घ्या. जन्मभर हातानंच लिहिलंत ना?" मी तिला शब्द नित्य असून लेखनाचे साधन अनित्य आहे, हा सिद्धांत पूर्वपक्षासह समजावू लागलो. पूर्वपक्ष संपायच्या आत ती स्वयंपाकघरात गेली होती.

कळावे, लोभ आहेच, तो निभेल तितका निभवावा.

तुझा भावजी,
कोओकाई

ता. क. ओबोनच्या आधी चार दिवस रजा काढून ये. फोनवर उपाय सांगू नकोस. तू सांगशील आणि बुवा अमलात आणतील.

पुन्हा ता. क. आजवर माझी पत्रे तुला कुंचल्याने लिहिलेली आली. हे छापलेले आहे, तुझ्या ध्यानात आले असेल. चेरी फुलल्यापासून माझा उजवा हात कापतो. बीजाक्षराची पहिली रेघच धरवत नाही. ताईला सांगितलेले नाही. तू आलास की डॉक्टरकडे जाऊ. एकट्याने जायची मला भीती वाटते.