अंगठ्याखालचा निळा

आबा,

तुमचा विसराळूपणा मला काही नवा नाही. चष्मा कपाळावर ठेवून तो घरभर शोधायचात, ब्रश कानावर खोचून माझ्यावर ओरडायचात. जाताना तर चष्मा इथेच विसरलात. माझ्या ट्रंकेत आहे, हवा असेल तर येऊन न्या. मलाही विसरला असाल तर सांगते, मी तुमची थोरली. तुम्ही पाटीवर खडूने अक्षरं आखायचात आणि मी त्यांच्या पोटात रंग भरायचे, ती. कल्याणातल्या निम्म्या पाट्यांची पोटं मी भरली, पण वाचता एकही आली नाही. तुम्ही शिकवायला बसलात की मी पळायचे. म्हणून आज नातीला सांगतेय आणि ती मोबाइलवर लिहितेय. मध्येच हसते. हसू दे.

या नातीनं डोंबिवलीत, कोपरच्या बाजूला, फ्लेक्स छापायचं दुकान टाकलंय. मशीन आपल्या चाळीतल्या खोलीएवढं लांब. ब्रश नाही, टर्पेंटाइनचा वास नाही. कॉम्प्युटरवर चित्र काढायचं आणि मशीनला सांगायचं, छाप. पण आबा, तुमचं दुखणं तिथेही आहेच. पडद्यावर निळा झकास दिसतो आणि फ्लेक्सवर उतरला की जांभळा होतो. ती म्हणाली, "आजी, पडदा उजेडानं रंग दाखवतो, मशीन शाईनं. दोघांचं आपोआप जमत नाही गं, जमवावं लागतं." तेव्हा मी तिला तुमची रीत सांगितली. तुम्ही प्लायच्या तुकड्यावर रंगाचं बोट ओढायचात, वाळेपर्यंत कोणाला हात लावू द्यायचा नाहीत, आणि सकाळी दारातल्या उजेडात बघायचात. आता तीही आधी एक पट्टी छापते. निळ्याचे सहा चौकोन, प्रत्येकात गुलाबी शाई थोडी थोडी कमी केलेली. वाळली की पट्टी दारात धरते आणि मी बरोबर चौकोनावर अंगठा ठेवते, सहीला ठेवते तसाच. त्या चौकोनाचा आकडा बघून ती मशीन लावते. गिऱ्हाइकं विचारतात, "आजींनी बघितलाय ना? मग छापा." सत्तरी ओलांडल्यावर एवढा मान कोणाला मिळतो, सांगा.

यंदा विहाराच्या दारावरचा जयंतीचा बॅनर तिच्याकडे आला. त्यात निळाच सगळं काही. आपल्या लोकांना तो निळा कोणी शिकवावा लागत नाही, पाळण्यातल्या पोरालाही ओळखू येतो. नातीनं पट्टी धरली आणि आबा, मला सहाही चौकोन सारखेच दिसले. जळलेल्या तव्यासारखे. वर्षभर सगळं धुरकट दिसतंय, मोतीबिंदू असणार, पण मी कोणाला बोलले नव्हते. डोळे गेले म्हटलं तर मला दुकानात कशाला बोलावतील? घरात बसा आणि लसूण सोला. मी पट्टी लांब धरली, जवळ धरली, तुमच्यासारखी मान तिरकी केली आणि ठेवला अंगठा, कुठेतरी. पोरीनं विचारलं, "नक्की ना गं आजी?" मी तोऱ्यात म्हटलं, "तू मला शिकवतेस?"

बॅनर चढला, आणि सकाळी ऊन पडल्याबरोबर विहारातल्या बाई दुकानात हजर. "अगं, हा काय रंग लावलास? जयंती आहे का वांग्यांचा बाजार?" मी तिथेच स्टुलावर बसलेली. तोंड उघडलं असतं तर दोन शब्दांचं काम होतं. पण नातच म्हणाली, "काकू, माझी चूक. मशीन नीट लावलं नाही मी. संध्याकाळच्या आत बदलून देते." माझ्याकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. मग तिनं विहारातला निळा झेंडा मागून आणला, नवी पट्टी त्याला लावून बघितली आणि बॅनर पुन्हा छापला. मी स्टुलावर मातीच्या गोळ्यासारखी बसून राहिले. कारण वांगं हा शब्द माझा होता, आबा. मी तो तुमच्यावर फेकलेला.

आठवतंय ना? लग्नानंतर मी माहेरी आलेय. तुम्ही विहाराची पाटी करताय. सकाळी प्लायचा तुकडा घेऊन दारात उभे राहता आणि हळू आवाजात म्हणता, "पोरी, जरा बघ गं, बरोबर आहे ना?" मी स्टोव्हवर भाकऱ्या टाकतेय. मान वर न करता म्हणते, "आहे, आहे." दोन दिवसांनी पाटी न्यायला चार माणसं येतात, आणि मीच सगळ्यांदेखत म्हणते, "आबा, हा निळा आहे का वांगं? डोळे गेले काय तुमचे?" माणसं हसली. मीही हसले, काय फक्कड बोलले म्हणून. तुम्ही ब्रश लेंग्याला पुसलात आणि म्हणालात, "असेल बाबा. थकलो आता." त्यानंतर तुम्ही ब्रश हातात धरला नाहीत. रंगाचे डबेसुद्धा वाटून टाकलेत. आणि मी गावभर सांगत फिरले, आबांचं वय झालं.

"हिला दाखवलेला मी, ही हो म्हणाली," एवढंच तुम्ही त्या माणसांना म्हणायचं होतंत. म्हणाला नाहीत. न बघता हो म्हणाले होते, हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. आईलासुद्धा नाही. जे नातीनं माझ्यासाठी न सांगता केलं, ते मला तुमच्यासाठी करता आलं नाही, घरची पोर असून.

आता नातीची बोटं थांबलीत. विचारते, "आजी, म्हणजे त्या दिवशी तुला दिसतच नव्हतं?" नव्हतं गं बाई. लिही, तेही लिही. ती म्हणते, "मला नंतर अंदाज आलेला." आलेला ना, मग ठाण्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे कधी न्यायचं ते तूच ठरव, मी नखरे करणार नाही. आणि हे पत्र राहू दे तुझ्या मोबाइलमध्ये, आबांचा पत्ता कोणाला ठाऊक आहे? काही पाठवायचंच तर उद्या विहारातल्या बाईंना डबा पाठव. वांग्याचं भरीत नको, उगाच टोमणा वाटेल. तांदळाची खीर, गूळ घालून, वरपर्यंत भर. आणि डबा देताना सांग, मशीन चांगलं आहे, पोरगीही चांगली आहे. अंगठा आजीचा होता.