जिवावर उठलेलं घड्याळ

४ ऑगस्ट
आमच्या लेकीने, लीनाने बंगळूरहून घड्याळ पाठवलंय. हृदयाचे ठोके मोजतं म्हणे. आजच दोनदा बोंबललं: लय अनियमित, डॉक्टरांना भेटा. मूर्ख यंत्र! इथे कलकत्त्यात खिदिरपूर बंदरावर कस्टम्समध्ये नकली माल पकडण्यात माझं आयुष्य गेलं. मला शिकवतंय! आणि मुहूर्त बघा. गणपतीत महाराष्ट्र मंडळाच्या नाटकात मी सेनापती, मुख्य भूमिका. मी आजारी पडायची वाट बघत मंडळातला शंतनू माझ्या भूमिकेवर टपून बसलाय.

६ ऑगस्ट
तपासणी केली. घड्याळ बायकोच्या, मंजुषाच्या हातात बांधलं: गप्प. शेजारच्या घोषबाबूंच्या हातात: गप्प. माझ्या हातात: बोंब. म्हणजे माल अस्सल आहे, पण माझ्यावर डूख धरून आहे. मंजुषा म्हणाली, डॉक्टरकडे चला. म्हटलं, नाटक झाल्यावर. तर म्हणे, नाटक मोठं की जीव? असले प्रश्न विचारू नयेत.

९ ऑगस्ट, सकाळी
लीनाचा फोन. माझे आकडे तिच्या मोबाइलवर जातात! पोटच्या पोरीची हेरगिरी! हॉस्पिटलमध्ये घालीन म्हणाली. डोकं फिरलं. पण उपाय सापडला. आजपासून घड्याळ मंजुषाच्या हातात. तिला सांगितलं, घामाने मला पुरळ येतं.

१३ ऑगस्ट
चार दिवस लय एकदम नियमित. लीना खूश. मी म्हणत होतोच! जिना चढताना धाप लागते ती इथल्या दमट हवेने. छातीत फडफडतं ते लुचीमुळे, इथल्या त्या मैद्याच्या पुऱ्यांमुळे. रिपोर्ट स्वच्छ आहे, मग काळजी कसली?

१९ ऑगस्ट
रिपोर्ट आणखी सुधारला. झोपसुद्धा उत्तम. तालमीला शंतनूच्या नाकासमोर धरला. चांगलाच जळला.

२२ ऑगस्ट
तालमीत तिसऱ्या अंकात शत्रूला ललकारताना स्टेजवर कोसळलो. पंखा लावला नव्हता. गाढवं लेकाची!

२३ ऑगस्ट, हॉस्पिटल
डॉक्टर म्हणाले, एट्रियल फिब्रिलेशन. ठोके बेताल पडतात, गुठळी होऊन मेंदूत गेली असती. मी ताडकन रिपोर्ट पुढे केले. मंजुषाने सांगून टाकलं, घड्याळ तिच्या हातात होतं. डॉक्टर म्हणाले, मिसेसचं हृदय फारच छान आहे.
लीना विमानाने आलीय. नुसती रडते. तिच्यावर ओरडणार होतो. जमलं नाही.

३० ऑगस्ट
रक्त पातळ करायच्या गोळ्या सुरू. आज नाटक झालं. मी पहिल्या रांगेत, मायलेकींच्या मधे. शंतनू आता अडखळेल, मग अडखळेल, म्हणून डोळे वटारून बसलो होतो. मेला एक वाक्य विसरला नाही.