ब्रेकची खीळ

येरमाळा,
गुरुवार

प्रिय रणधीर,

काल दुपारी तुझी आई येऊन गेली. कारळाची चटणी घेऊन आली होती, दर वर्षी आणते तशी. बसली, फॅन बंद करायला लावला, धाकट्या जाईच्या बारावीची चौकशी केली, आणि मग स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाली, "सोमवारच्या तारखेला रणधीर गुन्हा कबूल करणार हाय म्हणं, वहिनी. वकील लई सांगायलाय थांब म्हणून, ह्यो ऐकंना. म्हणतोय, माझ्याच हातानं गुरू गेला, मग भांडायचं कशाला." मग मान वर करून म्हणाली, "तुमी एकदा बोला त्याच्याशी. तुमचं ऐकंल." मी चहा टाकते म्हणून आत गेले आणि बराच वेळ बाहेर आलेच नाही. द्वारकाबाईंना वाटलं असेल, मी मुलाच्या आठवणीनं रडतेय. मी रडत नव्हते.

माझा फोन तू उचलत नाहीस. उचलला असतास तरी हे फोनवर बोलता आलं नसतं. रविवारी तू चाकणहून घरी येशील तेव्हा तुझी आईच हे पाकीट तुझ्या हातात देईल. आत काय आहे ते तिला ठाऊक नाही. वाचायला एकटा बस आणि शेवटपर्यंत वाच. मधेच टाकून द्यावंसं वाटेल असं यात बरंच आहे.

आधी गाडीचं सांगते. आमच्या मामंजींची येझदी, ज्या गाडीवर तुम्ही दोघं होतात, ती मी दसऱ्यानंतर गोठ्यातून बाहेर काढली. पोलिसांनी ती परत ताब्यात देताना तुझ्या काकांनी कागदावर सही केली होती, खटला संपेपर्यंत गाडी आहे तशी ठेवू म्हणून. त्यांनी मला त्या सहीची आठवण करून दिली. मी म्हटलं, गुरूचं राहिलेलं काम आहे, मी ते पुरं करणार. मुलाचं नाव घेतलं की आमच्या घरात पुढचं कुणी विचारत नाही. हे मला माहीत होतं म्हणूनच मी ते नाव घेतलं.

ती सगळी खोलून, कापून, इंग्लंडमधली पोरं पूर्वी करायची तशी कॅफे रेसर करायची, हे वेड गुरूच्या डोक्यात कुठून आलं ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. मला त्यानं एवढंच समजावलं होतं की तिकडची पोरं एका चहाच्या हॉटेलापासून दुसऱ्या हॉटेलापर्यंत शर्यत लावायची, म्हणून कॅफे. म्हणजे आपल्याकडं येरमाळ्यापासून तेरखेड्यापर्यंत, असं म्हणून तो हसला होता. डिप्लोमाच्या जर्नलच्या मागच्या पानावरचं ते चित्र मी शरणप्पाच्या गॅरेजात भिंतीला चिकटवलं. शरणप्पा पहिल्या दिवशी चित्राकडं बघून म्हणाला, "मडगार्ड काढायचं, साडीगार्ड काढायचं, हँडल गुडघ्याला आणायचं. चांगली गाडी मोडायची ही नवीनच तऱ्हा बघितली, वहिनी." पण त्यानं मनापासून काम केलं. इंजिन उतरवून नव्यानं बसवलं. हँडल चित्रातल्यासारखं खाली झुकवलं. चित्रात टाकीला दोन्ही बाजूंनी गुडघ्यांसाठी खोलगट जागा आहे बघ. उजवीकडची तुझ्या गुडघ्यानं धडकेत आधीच केलेली होती. शरणप्पानं डावी तिच्याबरहुकूम ठोकून काढली. तो ठोकत होता तेव्हा मी बाहेर रस्त्यावर जाऊन उभी राहिले.

सीट मात्र अजून केलेली नाही. त्या सीटवरून तुमचं झालेलं भांडण मला आठवतं. गुरू म्हणत होता एकट्याची सीट, मागं नुसता कुबड. तू विचारलंस, मग मी कुठं बसू. तो म्हणाला, "तू पळत ये की मागनं." चार दिवस तू आमच्याकडं आला नाहीस, आणि पाचव्या दिवशी आलास तो धपाटे खायलाच. मागची फ्रेम मी कापू दिलेली नाही. एकट्याची की दोघांची, हे मी ठरवायचं नाही.

रोज शाळा सुटली की मी गॅरेजात जाऊन एका खोक्यावर बसायचे आणि डिझेलच्या ट्रेमध्ये एकेक भाग धुवायचे. गावात बोलायचे, मास्तरीणबाईच्या डोक्यावर परिणाम झालाय. बोलू देत होते. ब्रेकचं सगळं मी धुणार, असं मी शरणप्पाला पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. तो म्हणाला, "त्येच लई घाण असतंय वहिनी, ऱ्हाऊ द्या." मी राहू दिलं नाही.

आता त्या मंगळवारचं. उद्या त्याला दोन वर्षं होतील. कळंबला कुरियरनं नवं हँडल आलं होतं आणि गुरूला दम निघत नव्हता. तू अकराला आलास. त्यानं किल्ली तुझ्याकडं फेकली, कारण त्याला मागं बसून व्हिडिओ काढायचा होता. कोपऱ्यावरून वळताना त्यानं माझ्याकडं बघून मोबाईल हलवला. पुढचं तू पाहिलंस, मी नाही. मी पाहिला तो दवाखान्याचा व्हरांडा. तुझा पाय फळीला बांधला होता. तू मला बघताच म्हणालास, "काकू, ब्रेक लागलाच न्हाय वो. ट्रॉली आडवी आली, मी दाबला, पायडल पार खाली गेलं." आणि मी तीस माणसांच्या देखत ओरडले, "माझं लेकरू आत झाकून ठेवलंय आणि तुला ब्रेक आठवायलाय? पळवलीस तूच आणि आता गाडीवर ढकलतोस?" तू तोंड मिटलंस. त्यानंतर ब्रेकचा शब्द तू कधीच काढला नाहीस. पोलिसांना दिलेल्या जबाबातही नाही. मी तो जबाब वाचलाय. वेग जास्त होता आणि माझं लक्ष नव्हतं, एवढंच त्यात आहे. त्या गाडीचा पुढचा ब्रेक नावालाच होता हेसुद्धा तू सांगितलं नाहीस.

कार्तिकात एका शनिवारी मी ब्रेकचं पायडल धुवायला घेतलं. पायडलापासून मागच्या चाकापर्यंत एक सळई जाते. ती पायडलाला एका खिळीनं जोडलेली असते, आणि खीळ निसटू नये म्हणून तिच्या टोकाच्या भोकात तारेची बारीक स्प्लिट पिन घालून तिचे पाय फाकवतात. आपल्या गाडीची सळई सुटून लोंबत होती. गाडी इतकी चेपली होती की ती धडकेनंच सुटली असं कुणालाही वाटलं असतं. पायडलाच्या मागं, तेलाचा आणि धुळीचा थर दगडासारखा बसला होता. मी तो स्क्रूड्रायव्हरनं खरवडला आणि त्यातून खीळ ट्रेमध्ये पडली. तिच्या भोकात तारेचा एक तुकडा अडकलेला होता. एक पाय वाकलेला, दुसरा तुटलेला. मी धूत राहिले, तरी तारेचा काळा रंग जाईना.

शरणप्पानं खीळ उजेडात धरली. "ही धडकेनं सुटलेली न्हाय, वहिनी. तशी सुटती तर वाकली असती. ही सरळ हाय. आधीच निसटलीय, आन घाणीत रुतून बसलीय." मग तो तुकडा त्यानं नखानं चाचपला. "आन ही स्प्लिट पिन न्हाय. ही तर..." बोलता बोलता त्याची नजर माझ्या अंबाड्यावर गेली. त्यानं खीळ माझ्या तळहातावर ठेवली, चहा सांगून येतो म्हणाला आणि गेला. हॉटेल समोरच आहे. त्याला यायला अर्धा तास लागला.

त्या मंगळवारी सकाळी नऊ वाजता मी न्हाऊन, केस विंचरून पायरीवर अंबाडा घालत बसले होते. गुरू गाडीखाली आडवा होता. म्हणाला, "आई, पायडलाची पिन तुटली गं, आन शरणप्पा आज तुळजापूरला गेलाय." कळंबला जाणं उद्यावर टाक, असं मी म्हणायला हवं होतं. मी अंबाड्यातला एक आकडा उपसला आणि त्याच्यापुढं धरला. म्हटलं, बघ, हा चालतो का. त्यानं तो भोकात घातला, पक्कडीनं दोन्ही पाय फाकवले, पायडल तीनदा दाबून बघितलं आणि म्हणाला, "आई, आता गाडी तुझ्या केसांवर चालतीय." मी हसले. मला अभिमान वाटला रे. गाडीतलं मला काही कळत नाही असं तुम्ही दोघं नेहमी म्हणायचात, आणि माझ्या डोक्यातल्या आकड्यानं अडलेलं काम झालं होतं. तू आलास तेव्हा तो चहा पीत होता. त्यानं तुला सांगितलं नाही, मीही नाही. सांगण्यासारखं त्यात आम्हाला काही वाटलंच नाही. किल्ली त्यानं स्वतःकडं ठेवली असती तर मागं तू असतास. मग चटणी घेऊन कुणी कुणाकडं जायचं, हा विचार मी फार वेळा केलाय.

तुझ्या काकांना मी काल संध्याकाळी सांगितलं, तुझी आई गेल्यावर. त्यांनी खीळ हातात घेतली नाही, लांबूनच बघितली. म्हणाले, "सांगून गुरू परत येणार आहे का?" मग म्हणाले, "लोक म्हणतील, आईनंच..." आणि वाक्य तिथंच सोडून देवापुढं जाऊन बसले. जेवले नाहीत. आज सकाळी पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "सोमवारी एसटी नको. गर्दीत ती खीळ कुठं पडायची. मी जीप सांगतो." त्यांच्याकडून एवढंच आलं, आणि मला ते पुरलं.

इथवर वाचून तुला वाटेल की कार्तिकात मला योगायोगानं खीळ सापडली आणि सत्य कळलं. तसं नाही, रणधीर. तसंच लिहावं म्हणून मी कालपासून दोनदा कागद फाडलाय. त्या व्हरांड्यात तू म्हणालास, पायडल पार खाली गेलं, तेव्हाच, तुझं वाक्य पुरं व्हायच्या आत, मला तो आकडा आठवला. पक्कडीचा आवाजसुद्धा आठवला. म्हणून मी एवढ्या मोठ्यानं ओरडले. मी ओरडले नसते तर कुणी तरी विचारलं असतं, ब्रेक का लागला नाही. दोन वर्षं मी तुला ते ओझं वाहू दिलं, आणि तू गुन्हेगारासारखी मान खाली घालून आमच्या दारावरून गेलास तेव्हा खिडकीतून बघत राहिले. गाडी मी गुरूचं स्वप्न पुरं करायला उघडली नव्हती. दुसऱ्या कुणाच्या हाती लागायच्या आत तो आकडा शोधून विहिरीत टाकायला उघडली होती. टाकवला नाही. तीन महिने तो माझ्या फणीच्या डब्यात आहे आणि तीन महिने मी गाडी करतच राहिले, कारण काम थांबलं असतं तर हे पत्र लिहावं लागलं असतं. उद्या मी तुझ्या वकिलांकडं जाऊन सगळं सांगणार आहे. सोमवारी खीळ घेऊन मी कोर्टात येते, शरणप्पाही येतोय. सही मोडून गाडी उघडली त्याचं माझ्यावर जे यायचं ते येऊ दे. तू मला माफ कर असं मी म्हणत नाही, तो विषय आज नाही. एवढंच कर, न्यायाधीशांनी विचारलं की कबूल म्हणू नकोस. व्हरांड्यात म्हणाला होतास तेच म्हण, ब्रेक लागला नाही. तेव्हा मी तुला पुढचं बोलू दिलं नाही. या वेळी मी मागच्या बाकावर गप्प बसून ऐकेन, आणि तुझं सांगून झालं की उठून उभी राहीन.

तुझीच, अजून तसं म्हणवून घेता येत असेल तर,
नीलाकाकू